रणगाडे रस्त्यावर, फोन मात्र चालू

[स्पॅनिश टीव्हीचं मूळ चित्रण. सभागृहाचा आवाज तसाच ठेवावा.]

सोमवार, २३ फेब्रुवारी १९८१. माद्रिदमध्ये स्पेनच्या संसदेत नव्या पंतप्रधानासाठी मतदान चालू आहे. एकेका सदस्याचं नाव पुकारलं जातं आणि तो जागेवर उभा राहून हो किंवा नाही म्हणतो. संसदेच्या कुठल्याही चित्रणाइतकंच हेही रटाळ आहे. संध्याकाळी सहा वाजून तेवीस मिनिटांनी दाराशी गलबला होतो, नाव वाचणारा अडखळतो, आणि व्यासपीठाच्या पायऱ्यांवर हा माणूस येऊन उभा राहतो.

काळी चकचकीत तीन कोनांची टोपी, झुबकेदार मिशा, वर केलेल्या हातात पिस्तूल. लेफ्टनंट कर्नल आंतोनिओ तेहेरो. ग्वार्दिया सिव्हिल या निमलष्करी दलाचा अधिकारी. त्याच्या मागे साधारण दोनशे सशस्त्र जवान.

तो ओरडतोय: कुणीही हलायचं नाही.

[चित्र संथ करावं.]

आता पुढच्या बाकाकडे पाहा. एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ उठून थेट बंदूकधाऱ्यांच्या अंगावर चाल करून जातायत. हे उपपंतप्रधान, जनरल गुतिएरेझ मेयादो. वय ६८. हातात काहीही नाही, पण लष्करातला हुद्दा तेहेरोच्या कितीतरी वरचा, त्यामुळे त्यांचा आविर्भाव एकच: मी जनरल आहे, शस्त्रं खाली ठेवा. जवान त्यांना धक्काबुक्की करतात. तेवढ्यात छतावर गोळ्या सुटतात.

[गोळ्यांचा आवाज. निवेदन थांबवावं.]

साडेतीनशे सदस्यांचं सभागृह, आणि बाकांवर क्षणात कुणी दिसेनासं झालं. सगळे बाकांखाली. फक्त तिघं वाकले नाहीत. मेयादो उभेच आहेत. त्यांना मागून धरून, पायात पाय घालून पाडायचा प्रयत्न खुद्द तेहेरो करतोय, आणि तेही त्याला जमत नाहीये. दुसरे, मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ, आपल्या जागेवर बसलेले. आणि पलीकडे, समोरच्या बाजूला, कम्युनिस्ट पक्षाचे सांतियागो कारियो. तेही बसूनच.

यादवी युद्धात मेयादो पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने लढले होते आणि कारियो विरुद्ध बाजूला. सुआरेझ फ्रँकोच्याच राजवटीत वाढलेले. याच सुआरेझ यांनी १९७७ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली, आणि लष्करातल्या अनेकांनी त्यांना त्याबद्दल कधीच माफ केलं नाही.

हे चित्रण उरलं कसं, तेही सांगायला हवं. आम्ही स्वतः कॅमेरावाले, त्यामुळे या भागाकडे जरा जास्त ओढ आहे, हे मान्य. जवानांनी कॅमेरामनना दरडावून कॅमेऱ्यांपासून दूर केलं. तरी एक कॅमेरा चालूच राहिला. त्याचं चित्र वायरीतून शहराबाहेरच्या प्रादो देल रेय इथल्या टीव्ही केंद्रात जात होतं आणि तिथे टेपवर उतरत होतं. अर्धा तास. पुष्कळांना वाटतं की हे त्याच वेळी घराघरांत दिसलं. तसं नाही. टीव्हीवर ते दाखवलं गेलं दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी लोकांनी गोळ्या ऐकल्या त्या रेडिओवर, कारण रेडिओवाल्यांचे माइकही चालू राहिले होते. ती रात्र स्पेनमध्ये ट्रान्झिस्टरची रात्र म्हणूनच ओळखली जाते.

[आजचं सभागृह. कॅमेरा छताकडे.]

छतावरच्या या खुणा त्याच गोळ्यांच्या. मुद्दाम बुजवलेल्या नाहीत.

[व्हॅलेन्सिया, रणगाडे.]

संसद धरली म्हणजे सत्ता आली, असं होत नाही. संसदेत सैन्य नसतं. बंड करणाऱ्याच्या मागे सुरुवातीला नेहमी मूठभर माणसं असतात, आणि बाकीचं सैन्य तळ्यात की मळ्यात या विचारात असतं. प्रत्येक छावणीतला प्रत्येक अधिकारी एकच हिशेब करत असतो: बाकीचे काय करणार? बंड जिंकणार असेल तर त्यात नसणं धोक्याचं, हरणार असेल तर असणं धोक्याचं. आणि फाशीपेक्षाही मोठी भीती म्हणजे आपल्याच सैनिकांनी आपल्याच सैनिकांवर गोळ्या झाडणं. स्पेनला हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९३६ मध्ये सेनापतींनी बंड केलं, ते ना पुरतं यशस्वी झालं ना पुरतं फसलं. अर्धं सैन्य इकडे, अर्धं तिकडे. तीन वर्षं यादवी, त्यानंतर १९७५ पर्यंत फ्रँको.

म्हणून कटवाल्यांचं पहिलं काम लढण्याचं नसतंच. काम असतं ते सगळ्यांना पटवण्याचं, की झालं, संपलं, आता विरोध करण्यात अर्थ नाही. रस्त्यावर रणगाडे येतात ते मुख्यतः दिसण्यासाठी.

हे पाहा. व्हॅलेन्सियाचा लष्करी प्रमुख, लेफ्टनंट जनरल हाइमे मिलान्स देल बोश, याने शहरात रणगाडे उतरवले आणि संचारबंदी पुकारली. रात्री नऊ ते सकाळी सात. त्याचा जाहीरनामा रेडिओवर वाचला जातोय. मिलान्सचा हिशेब असा की आपण सुरुवात केली की इतर विभागांचे प्रमुख मागोमाग येतील. कुणी आलं नाही. काहींनी नकार दिला, पुष्कळांनी वाट पाहिली.

खरी किल्ली माद्रिदच्या दारात होती. ब्रुनेते ही चिलखती डिव्हिजन. ती शहरात शिरली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथल्या अधिकाऱ्यांना दुपारीच सांगण्यात आलं होतं की या सगळ्याला राजाची संमती आहे, आणि जनरल अल्फोन्सो आर्मादा संध्याकाळी सार्सुएला राजवाड्यात राजाजवळ असेल. आर्मादा म्हणजे राजाच्या खास विश्वासातला जुना माणूस, त्यामुळे थाप पटण्यासारखी होती. डिव्हिजनचे प्रमुख जनरल हुस्ते यांनी मात्र एक साधी गोष्ट केली. राजवाड्यावर फोन लावला आणि विचारलं, आर्मादा तिथे आहेत का?

पलीकडे राजाचे सचिव साबिनो फर्नांदेझ काम्पो होते. त्यांचं उत्तर स्पेनमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे: इथे नाहीत, आणि ते येणंही अपेक्षित नाही.

हुस्ते काय ते समजले. माद्रिदचे लष्करी प्रमुख किंताना लाकासी यांनी ब्रुनेतेला छावणीत रोखून धरलं, निघालेल्या तुकड्या परत बोलावल्या. त्यांना लोकशाहीचे पाईक वगैरे ठरवायची घाई नको. राजाने रस्त्यावर उतरा म्हटलं असतं तर मी उतरलो असतो, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं होतं.

आणि कटवाल्यांनी फोनच्या तारा का तोडल्या नाहीत? कारण राजा आपलाच आहे, अशी त्यांची समजूत होती. आपल्याच माणसाचा फोन कोण तोडतो! रात्रभर त्याच तारांवरून राजवाड्यातून एकेका छावणीला फोन जात राहिले.

[प्रादो देल रेय, टीव्ही केंद्राची इमारत.]

टीव्ही केंद्र त्यांनी घेतलं होतं, हेही खरं. पावणेआठच्या सुमारास घोडदळाच्या रेजिमेंटची एक तुकडी इथे घुसली. रेडिओवर लष्करी मार्च वाजायला लागले. पण वरून हुकूम आल्यावर तुकडी सुमारे दीड तासात निघून गेली, आणि लगेच इथलं एक पथक कॅमेरे घेऊन राजवाड्याकडे निघालं. राजाचं भाषण तिथे टेपवर घेतलं. टेपच्या दोन प्रती केल्या आणि दोन वेगळ्या गाड्यांतून केंद्रावर धाडल्या. एक अडवली गेली तर दुसरी पोचावी म्हणून. त्या रात्री माद्रिदमध्ये ज्यांनी डोकं ताळ्यावर ठेवून काम केलं, त्यांत टीव्हीची ही मंडळी आमच्या मते फार वर येतात.

[राजाचं भाषण.]

पहाटे एक वाजून चौदा मिनिटं. राजा हुआन कार्लोस, अंगावर सरसेनापतीचा गणवेश. गणवेश मुद्दाम. हे भाषण जनतेसाठी आहे, पण त्याआधी ते छावण्यांतल्या अधिकाऱ्यांसाठी आहे. लोकशाहीची वाटचाल बळाने रोखण्याचा प्रयत्न राजमुकुट सहन करणार नाही, एवढाच मजकूर. तळ्यात-मळ्यात करणाऱ्या प्रत्येकाला कळलं की आता सगळे कुठे जाणार. पहाटेपर्यंत व्हॅलेन्सियातले रणगाडे परत फिरले.

[इस्लामाबाद, १२ ऑक्टोबर १९९९. फाटकावर चढणारे सैनिक.]

ही दृश्यं आपल्याकडे अनेकांना आठवत असतील. कारगिल नुकतंच संपलं होतं. पाकिस्तान टीव्हीच्या फाटकावर सैनिक चढतायत, पडदा काळा होतो, आणि काही तासांत नवाझ शरीफ यांचं सरकार गेलेलं असतं. त्या संध्याकाळी लष्करप्रमुख मुशर्रफ स्वतः कोलंबोहून येणाऱ्या विमानात होते. तरी जमलं, कारण बंड वरून आलं होतं. हुकूम सोडणारी माणसंच त्यात होती. खालच्यांना अंदाज बांधावा लागला नाही, नेहमीचा हुकूम पाळायचा होता. लेफ्टनंट कर्नलला जुगार खेळावा लागतो, सेनाप्रमुखाला फक्त सही करावी लागते.

[मॉस्को, ऑगस्ट १९९१. पत्रकार परिषद. हातांवर झूम.]

पण वरून आलं म्हणजे जमतंच असंही नाही. हे सोव्हिएत संघाचे उपराष्ट्राध्यक्ष गेनादी यानायेव्ह, राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्धच्या बंडाचा चेहरा. संरक्षणमंत्री त्यांच्या बाजूने, केजीबीचा प्रमुख त्यांच्या बाजूने, मॉस्कोत रणगाडे. आणि हे हात पाहा, थरथरतायत. सगळ्या देशाने ते पाहिले, छावण्यांनीही. बंडाला विरोध करणारे रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना अटक करायची राहिली होती, आणि त्यांचेही फोन चालूच होते.

[पुन्हा माद्रिद. संसदेबाहेर रात्र.]

आत सदस्यांना संध्याकाळीच सांगून झालं होतं: थोडं थांबा, एक वरिष्ठ अधिकारी, अर्थात लष्करी, येऊन पुढचं सांगेल. तो कोण, यावर स्पेनमध्ये अजून वाद चालतात. मध्यरात्रीच्या सुमारास आला तो आर्मादा. त्याच्याकडे नव्या सरकारची योजना होती: पंतप्रधान तो स्वतः, आणि मंत्रिमंडळात सर्व पक्षांची माणसं, समाजवादी आणि कम्युनिस्टसुद्धा. तेहेरो भडकला. कम्युनिस्टांना मंत्री करायला आपण संसदेत शिरलो नव्हतो, असा त्याचा सवाल. त्याने आर्मादाला परत पाठवलं. म्हणजे एकाच कटात दोन वेगळे कट होते. तेहेरोला पक्षच नको होते, आर्मादाला पंतप्रधानपद हवं होतं, आणि बंड चालू झाल्यावर सहा तासांनी ते एकमेकांना कळलं.

या तेहेरोने १९७८ मध्येही असाच एक बेत आखला होता, माद्रिदच्या एका कॅफेत बसून. सापडला. शिक्षा सात महिने, हुद्दा कायम. नवखी लोकशाही लष्कराला दुखवायला किती घाबरत होती, ते यावरून कळतं. आमच्या मते २३ फेब्रुवारी तिथेच सुरू झाला.

[२४ फेब्रुवारी. खिडक्यांतून उड्या मारणारे जवान.]

सकाळ झाली तसे एकेक जवान खिडकीतून उडी मारून बाहेर यायला लागले. टोप्या सावरत, बंदुका टाकत. शरणागतीच्या अटी लिहिल्या गेल्या त्या एका लँड रोव्हरच्या बॉनेटवर कागद ठेवून. खालच्या हुद्द्याच्या जवानांवर कारवाई होऊ नये, ही त्यातली मुख्य अट. दुपारी बाराच्या सुमारास सदस्य बाहेर पडले.

[२७ फेब्रुवारीचा मोर्चा, माद्रिद.]

तीन दिवसांनी माद्रिदमध्ये दहा लाखांहून अधिक माणसं रस्त्यावर उतरली. १९८२ मध्ये खटला झाला, स्पेन नाटोत गेला आणि समाजवादी निवडून आले. तेहेरो आणि मिलान्सला तीस वर्षं. आर्मादाला आधी सहा, मग सर्वोच्च न्यायालयात तीस, आणि १९८८ मध्ये माफी. तेहेरो १९९६ मध्ये सुटला. राजाने २०१४ मध्ये गादी सोडली आणि २०२० मध्ये देशही, पण त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती या चित्रफितीत बसत नाहीत.