मिसळ सोडू नका, तर्री वेगळी मागा

नमस्कार मंडळी! मिसळ जीव की प्राण, आणि डॉक्टर म्हणतात तेल कमी करा. नाशिकमधल्या कितीतरी घरांत हा पेच आहे. माझं सरळ मत सांगते: मिसळ सोडू नका. आवड मारून केलेलं पथ्य फार दिवस टिकत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आधी हे ताट नीट बघूया. उसळ आहे मोड आलेल्या मटकीची. प्रथिनं भरपूर, चोथा भरपूर. मोड आले की मटकीतलं, लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं, त्यामुळे तिच्यातलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं. म्हणजे मिसळीचा पाया उत्तमच आहे. अडतं ते तर्रीपाशी आणि फरसाणापाशी.

तर्री इतकी चविष्ट का लागते? मिरचीचा तिखटपणा आणि मसाल्यांचा बराचसा सुगंध पाण्यात नाही, तेलात विरघळतो. तेल अगदीच काढून टाकलं तर रस्सा पाणचट होणार, हे मान्य. पण चव यायला बोटभर तवंग लागत नाही. घरी करताना सुकं खोबरं आणि कांदा तेलाशिवाय, चांगला काळपट होईपर्यंत भाजा. मसाला ताजा वाटा आणि मोजक्या तेलात सावकाश परता. चार माणसांच्या रश्श्याला तीन मोठे चमचे तेल पुरतं. अशा एका चमच्यात साधारण 120 कॅलरी असतात, म्हणून चमचा मोजायचाच, बाटली तिरपी करायची नाही. बाहेर खाताना तर्री वेगळ्या वाटीत मागा. फरसाण मूठभर घ्या, आणि ते घेतलं तर पापड राहू द्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. रस्सा, फरसाण, पापड मिळून एका बैठकीत त्यातला मोठा वाटा संपतो.

तळणीच्या तेलाबद्दलही बोलायला हवं. वारंवार तापवलेल्या तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल खराब झाल्याची खूण असलेली संयुगं, तयार होतात. ती 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम आपल्याकडे 2018 पासून आहे. कढईतलं तेल काळं, दाट आणि फेसाळ दिसलं तर तिथलं तळलेलं घेऊ नका.

आता द्राक्षं. इथे आपल्या आवडीचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. आपल्या जिल्ह्यातल्या बागलाणात काही बागांची छाटणी लवकर घेतात, म्हणजे माल हंगामाआधी येतो आणि भाव चांगला मिळतो. पण कोवळी बाग ऐन पावसात सापडते, डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि औषधांच्या फवारण्या वाढतात. मी शेतकऱ्याला दोष देत नाही, एका पावसात त्याचं वर्ष जातं. निर्यातीच्या द्राक्षांची औषधांच्या अंशांसाठी प्रयोगशाळेत तपासणी होते. गल्लीतल्या हातगाडीवरच्या द्राक्षांना ती चाळणी नसते. म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबा. एकसारखे, लांबलचक मणीच हवेत हा हट्ट सोडा, कारण मणी लांबवायला जीए (जिबरेलिक ॲसिड) नावाचं, वाढ घडवणारं संजीवक वापरतात. लहान-मोठे मणी असलेला घड चाखून बघा आणि गोड लागला तर घ्या. वाहत्या पाण्याखाली धुवा. वरचं बरंच निघतं; आत भिनलेलं औषध मात्र धुऊन जात नाही. ओळखीचा बागायतदार असेल तर शेवटची फवारणी कधी झाली हे मोकळेपणानं विचारा. चांगला शेतकरी या प्रश्नाला रागावत नाही.

शेवटी नागली, म्हणजे नाचणी, आणि हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारांवर आपले आदिवासी शेतकरी पावसाच्या पाण्यावर ती पिकवतात. 100 ग्रॅम नागलीत 350 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात जेमतेम 10. ती थेट पिकवणाऱ्यांकडून किंवा बचत गटाकडून घ्या, घासाघीस करू नका. चव आवडत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा असं करून बघा: पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकण ठेवून उकड काढा, गरम असतानाच मळा आणि पातळ भाकरी थापा. मिसळीच्या रश्श्यात पावाऐवजी हीच भाकरी कुस्करा. रश्शाचा तिखटपणा ती छान धरते.