मोटर भरून मिळते, मग मोबाईल का नाही?

नमस्कार, श्रोतेहो. बोअरची मोटर जळली म्हणून लगेच नवी कोण आणतं? वर काढायची, टेम्पोत घालायची, नवी तार भरून घ्यायची. एखादा भाग फुटला, तर तसाच ओतून लेथवर फिरवून देणारा माणूस उद्यमबागेत भेटतो. बेळगावची ओळखच ती.

अशा गावात माझा मोबाईल मात्र मोडीत निघाला. दुखणं साधं, बॅटरी फुगलेली. सर्व्हिस सेंटरातला पोरगा म्हणाला, "काका, मॉडेल जुनं झालं. बॅटरी येत नाही. नवाच घ्या की." जुनं म्हणजे किती? तीन वर्षं! आमच्याकडचा मिक्सर लग्नातला आहे.

खडेबाजारातल्या कारागिरानं फोन तापवून मागची काच सोडवली. आत बॅटरी गोंदानं चिकटवलेली. "पूर्वी झाकण नखानं निघायचं," तो म्हणाला. काही कंपन्या तर स्क्रीन, बॅटरीला क्रमांक देऊन बोर्डाशी जोडतात. बाहेरून भाग बदलला, की फोनच तक्रार करतो. कारागिराच्या हातात कसब आहे, पण किल्ली कंपनीकडे.

हे नवं नाही. मोटारींचे सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणानं मिळत नव्हते, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं 2014 साली 14 कंपन्यांना दंड ठोठावला होता. मोबाईल, घरगुती उपकरणं, वाहनं आणि शेतीची यंत्रं यांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं जुलै 2022 मध्ये समिती नेमली. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल, म्हणजे दुरुस्तीची माहिती देणारं संकेतस्थळ, सुरू झालं. दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये 2021 पासून 2025 पर्यंत दुकानात फोनच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त होतो, याचे दहापैकी गुण लिहावे लागत होते.

आपल्याकडे कायदा येईतोवर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा. तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. आपल्या सीमाभागात भाषेपायी किती कागद अडतात, ते तुम्हाला काय सांगायचं! तिथं भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी लागत नाही. बिल तेवढं जपून ठेवा.

परवा गणपत गल्लीत नवा फोन बघायला गेलो. दुकानदाराला विचारलं, "मालक, याची बॅटरी किती वर्षं मिळणार? बिलावर लिहून द्या की." ते हसले. मग खोका उलटा करून त्यांनीच बारीक अक्षरं वाचायला घेतली.