९.२ आलं तर ९.२च लिहा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'विद्यार्थ्यांमधली संशोधन कौशल्यं आणि आत्मविश्वास', आणि निम्मा वेळ माझी ओळख करून देण्यातच गेलाय, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येते. (मला ओळखणारे मागे हसायला लागलेत, हसा.)

आधी माझी जुनी तक्रार. प्रॅक्टिकल. मुलगी लॅबमध्ये शिरते तेव्हा उत्तर तिला आधीच माहीत असतं, लोलकाचा प्रयोग आहे, गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवं. तिचं येतं ९.२. आता काय करणार ती? इथे ज्यांनी आयुष्यात एकदाही रीडिंग मॅनेज केलेलं नाही त्यांनी हात वर करा. दोनच? आणि दोघंही मराठी विभागाचे, वा! तर ती आधी ग्राफ काढते, मग ग्राफवरून रीडिंग पाडते आणि व्हायवाला पूर्ण मार्क घेऊन बाहेर पडते. ९.२ का आलं हे कुणी विचारतच नाही हो. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची राहिली असेल, झोका फार मोठा दिला असेल, किंवा तीस म्हणून मोजलेली आंदोलनं खरं तर एकतीस झाली असतील, कारण तेवढ्या एका चुकीने ९.८ चं ९.२ होतं, गणित करून बघा. त्या अर्ध्या तासात संशोधन करायची संधी होती आणि आपण ती खोडरबरने पुसली. वर त्याच मुलीला शेवटच्या वर्षाला आपण म्हणतो, प्रोजेक्टमध्ये काहीतरी ओरिजिनल कर, आणि ती गप्प बसली की म्हणतो हल्लीच्या मुलांना कॉन्फिडन्सच नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाहीये. नताशा होम्स आणि भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी वेगवेगळ्या विद्यापीठांतले लॅब कोर्स तपासले आणि २०१८ मध्ये लिहिलं की थिअरी पक्की व्हावी म्हणून जी प्रॅक्टिकलं घेतात त्यांनी परीक्षेच्या मार्कांत मोजता येईल असा फायदाच दिसत नाही. म्हणजे ज्यासाठी घेतो तेही होत नाही!

आता जोसलिन बेलची गोष्ट, ही मी कुठेही सांगते, विषय काहीही असो. केंब्रिजला पीएचडी करायला आलेली मुलगी, आणि आपल्याला चुकून घेतलंय, एक दिवस लक्षात येईल आणि काढून टाकतील, असं तिला वाटायचं, हे तिनेच पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय. मग तिने ठरवलं, काढतील तोपर्यंत जीव तोडून काम करू, म्हणजे मनाला टोचणी नको. रेडिओ टेलिस्कोप उभारायला खांब ठोकण्यापासून मदत केली, आणि १९६७ मध्ये तो सुरू झाल्यावर रोज साधारण तीस मीटर कागद रेकॉर्डरमधून बाहेर पडायचा, तो हिने डोळ्यांनी तपासायचा. त्यावरच्या रेघेत एका जागी बारीकशी गिचमीड दिसली, कचराच, अर्धा सेंटीमीटर म्हणा. ताऱ्यासारखा नाही, माणसाने केलेल्या गडबडीसारखाही नाही. दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. हिला आठवलं की हे आधीही पाहिलंय, आकाशाच्या त्याच भागात. तिचे गाईड अँटनी ह्युइश यांना वाटलं हे मानवनिर्मितच असणार. मग कागद जास्त वेगाने पळवून नोंद घ्यायची ठरली, तर सिग्नलच गायब, कितीतरी दिवस काही येईचना, आणि नोव्हेंबरअखेर एकदाचा सापडला, दर १.३३ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. गमतीत त्याला परग्रहवासी हिरव्या माणसांचं नाव दिलं, पण डिसेंबरमध्ये तिनेच आकाशाच्या दुसऱ्या बाजूला तसाच दुसरा शोधला, आणि दोन टोकांची हिरवी माणसं एकाच वेळी आपल्यालाच कशाला हाका मारतील? हे पल्सार, म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरत ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणारे तारे. १९७४ चं नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळालं, तिला नाही, त्यावर मी वेगळं तासभर बोलू शकते. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, ते सगळं तिने भौतिकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या, संधी कमी मिळणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्तीला देऊन टाकलं.

सांगायचं काय, तर तिच्याकडे आत्मविश्वास नव्हता. कागद तपासायची सवय होती, आणि तो कागद तिचा स्वतःचा होता.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पटापट. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच मांडलंय की 'मला हे जमेल' ही भावना सगळ्यात जास्त येते ती स्वतः काही तडीस नेल्यामुळे, कोणी पाठ थोपटून 'यू कॅन डू इट' म्हटल्याने फार कमी. म्हणून ते मोटिव्हेशनल सेशन बंद करा आणि त्या वेळात मुलांना उत्तर माहीत नसलेला एक छोटा प्रश्न द्या, दोन आठवड्यांत हातात काहीतरी येईल एवढाच छोटा. 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' हा प्रश्न नाही, ते निबंधाचं शीर्षक आहे. संशोधनाचा पेपर वाचायला शिकवा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नाही, आधी सारांश, आकृत्या, निष्कर्ष, मग ठरवा पुढे वाचायचा का. नोंदवहीत खाडाखोड दिसली तर मार्क द्या. आणि स्वतःचा नाकारला गेलेला पेपर, रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांसकट, वर्गात दाखवा, हे कोणी करत नाही, माहितीये मला.

पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठे जमणार, असं कोणीतरी म्हणेलच. अमेरिकेतल्या एमआयटीने १९६९ पासून पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात घ्यायला सुरुवात केली, मार्गारेट मॅकव्हिकर यांनी ती योजना उभी केली आणि ती अजून चालू आहे. एमआयटीकडे पैसा आहे, हो, पण लोलकाला दोरा आणि गोळाच लागतो ना? पुढच्या बॅचला मॅन्युअलमधला ९.८ खोडून द्या आणि काय काय उत्तरं येतात ती सगळी फळ्यावर लिहा. माईक काढून घ्यायला आलेत, प्रश्न असतील तर बाहेर विचारा.