क्राकूवचा रिनेक: काटकोनात न बसलेला चौक

हा पोलंडमधल्या क्राकूव शहराचा रिनेक ग्वुव्ने, म्हणजे मुख्य बाजारचौक. एकेक बाजू साधारण 200 मीटर! 1241 च्या तातार हल्ल्यात गावाची राखरांगोळी झाली, मग 1257 ला सनद मिळाली आणि नवं शहर दोरी लावून आखलं, रस्ते एकदम सरळ, काटकोनात.

पण आता कोपऱ्यातलं हे सेंट मेरी चर्च बघा. तिरकं उभंय ना? कारण त्या जागेवर चर्च आधीपासून होतं, आखणी नंतर आली. आणि तिकडे ते छोटंसं सेंट व्हॉइचेखचं चर्च, ते तर चौकापेक्षाही जुनं, आजूबाजूची जमीन शतकानुशतकं भर पडून इतकी वर आली की त्याचा मूळ तळ आता फरशीखाली गेलाय. मला या चौकात सगळ्यात जास्त हेच आवडतं, नकाशात बसत नाही म्हणून पाडून नाही टाकलं कोणी.

अर्थात सगळंच वाचलं असं नाही. हा एकटा मनोरा दिसतोय तो टाऊन हॉलचा, हॉल 1820 मध्ये पाडला, मनोरा तेवढा राहिला. मधली लांबलचक इमारत सुकिएन्नित्से, पूर्वीचा कापडबाजार, 1555 ला आग लागल्यावर नव्याने बांधलेली, आत आजही दुकानं आहेत, अंबर म्हणजे तृणमणीचे दागिने वगैरे.

आणि हा कवी मित्स्क्येविचचा पुतळा, इथले लोक लाडाने 'अदाश' म्हणतात, भेटायचं ठरलं की याच्याच पायाशी. 1940 मध्ये नाझींनी तो फोडला. सेंट मेरी चर्चमधली शिल्पकार वित स्तफोशची प्रचंड लाकडी वेदी, जी कोरायला 1477 ते 1489 इतकी वर्षं लागली, ती तर सुटी करून जर्मनीला नेली होती. वेदी 1946 ला परत आली, पुतळा 1955 ला पुन्हा उभा राहिला, लोकांनी सोडलं नाही म्हणजे नाहीच.

आता वर बघा, सेंट मेरी चर्चच्या उंच मनोऱ्यावर. दर तासाला, अगदी रात्रीसुद्धा, अग्निशमन दलाचा माणूस चारही दिशांना तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तुटतो. वाजवणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात तातारांचा बाण घुसला अशी गोष्ट सांगतात, जुन्या कागदांत तिचा पुरावा नाही, पण मनोऱ्यावरून आगीवर लक्ष ठेवायचे हे खरंय. दुपारी बाराचा सूर 1927 पासून पोलिश रेडिओवर देशभर जातो. वाजवून झालं की तो खाली हात हलवतो, तेव्हा तुम्हीपण हलवा.