वन्स मोअर न परवडणारं गाव

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘लास वेगसचे गाढे अभ्यासक’ अशी करून दिली, तेव्हा तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हणून आधीच सांगून टाकतो, मला रमी खेळतानाही घाम फुटतो. माझं कुतूहल तिथल्या स्टेजचं आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘कॅसिनोतलं मनोरंजन, खर्चाकडून कमाईकडे’. तो मी मांडणार आहेच. पण माझा जुना हेका असा की, त्या गावात गायक कितीही मोठा असो, त्यानं किती वेळ गायचं, कुठल्या दालनात गायचं आणि त्याला पैसे किती मिळायचे, हे पलीकडच्या जुगाराच्या टेबलानं ठरवलं. हे एकदा पटलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो.

लास वेगस ज्या राज्यात आहे, त्या अमेरिकेतल्या नेवाडानं १९३१ साली जुगार कायदेशीर केला. १९४१मध्ये गावाबाहेर, लॉस एंजेलिसच्या हमरस्त्यावर ‘एल रँचो वेगस’ उभं राहिलं. आज ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात, त्या पट्ट्यावरचं हे पहिलं रिसॉर्ट. खोल्या, पोहायचा तलाव, कॅसिनो आणि जेवता जेवता बघायला नाचगाणी, अशी चौकडी तिथपासून जमली. २६ डिसेंबर १९४६ला बग्सी सीगल या गुंडानं ‘फ्लेमिंगो’ उघडलं. विनोदवीर जिमी ड्युरँटी आणला, झेवियर कुगाटचा वाद्यवृंद आणला. सगळं आणलं, पण राहायच्या खोल्याच तयार नव्हत्या! लोकांनी कार्यक्रम बघितला, जुगारात जिंकले आणि जिंकलेले पैसे खिशात घालून झोपायला दुसऱ्या हॉटेलात गेले. महिनाभरात कुलूप लावून पुन्हा बांधकाम करावं लागलं. पुढच्या जूनमध्ये सीगलला कुणीतरी गोळ्या घातल्या. त्याचा ठपका मात्र अजून कुणी नाचगाण्यांवर ठेवलेला नाही.

आता हिशेब बघा. १९५५ साली ‘रिव्हिएरा’ हॉटेलनं लिबराची या पियानोवादकाला आठवड्याला ५०,००० डॉलर मोजले. समोरचा प्रेक्षक मात्र जवळजवळ जेवणाच्याच पैशांत त्याला ऐकत होता. जेवणावळींतून एवढी रक्कम निघत नाही हो! ती निघायची बाहेर, फाशांच्या टेबलावर. म्हणून कार्यक्रम सव्वा-दीड तासात आटोपायचा आणि बाहेर पडायची वाट कॅसिनोतून काढायची. बालगंधर्वांच्या जमान्यात आपलं संगीत नाटक पहाटेपर्यंत रंगायचं, एकेका पदाला वन्स मोअर. त्या नाट्यगृहाच्या दारात फाशांचं टेबल असतं, तर मालकानं दुसऱ्या वन्स मोअरलाच पडदा पाडला असता.

बडा खेळाडू असेल तर खोली, जेवण, कार्यक्रम सगळं हॉटेलकडून. आणि ज्याला फक्त पुढचं टेबल हवं, तो हेड वेटरच्या हातात नोट सरकवायचा. इथं मला माझं एक दुखणं काढू द्या. आपल्याकडेही नाट्यगृहाच्या दारात ‘दोन पास आहेत का’ विचारणारे उभे असतात. मी एका नाटकाच्या निर्मितीत चार पैसे घातले होते. पुढच्या तीन रांगा पासवाल्यांनी भरलेल्या, आणि मध्यंतरात बटाटेवडा गार असल्याची तक्रारही त्यांचीच! वेगसमध्ये फुकट्याला निदान आधी डाव तरी हरावा लागतो. हसू नका, तुमच्यातले दोघं-तिघं मला इथून दिसताहेत.

असो. लाउंजबद्दल सांगायलाच हवं. १९५४च्या अखेरीस लुई प्रिमा आणि किली स्मिथ हे गाणारं जोडपं ‘सहारा’ हॉटेलच्या लाउंजमध्ये आले. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत पाच खेळ. तिकीट नाही, समोर एक पेला असला की झालं. आणि ही जागा कुठं, तर कॅसिनोला लागूनच. पहाटे चारला शेजारी ट्रम्पेट वाजत असताना झोपेल कोण? झोपलेला माणूस पैसे लावत नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं.

आता माझ्या आवडत्या ‘सँड्स’कडे येतो. हे उघडलं डिसेंबर १९५२मध्ये. ‘कोपा रूम’ हे त्याचं दालन, जेमतेम चारशे माणसांचं. १९६०च्या जानेवारी-फेब्रुवारीत फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर, पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप हे पाचजण दिवसा सिनेमाचं चित्रीकरण करायचे आणि रात्री इथं स्टेजवर धुमाकूळ घालायचे. एका रात्री प्रेक्षकांत जॉन केनेडी होते. यातला सॅमी काही वर्षांपूर्वी स्ट्रिपवर टाळ्या घेऊन झोपायला वेस्टसाइड या काळ्यांच्या वस्तीत जायचा. काळ्या कलाकाराला तो जिथं गायला त्या हॉटेलात खोली मिळत नसे. निषेध मोर्चाची तारीख जाहीर झाली, गिऱ्हाईक बिचकेल अशी भीती वाटली, तेव्हा कुठं मार्च १९६०मध्ये मालक भेदभाव थांबवायला राजी झाले.

गायक सिनात्रा तर ‘सँड्स’चा हिस्सेदार होता, नऊ टक्क्यांचा. १९६३मध्ये लेक ताहोजवळच्या त्याच्या दुसऱ्या रिसॉर्टवर सॅम जियांकाना हा माफियाचा म्होरक्या मुक्कामाला सापडला, त्यावरून परवाना गेला आणि हिस्सा विकावा लागला. गाणं चालू राहिलं, उधारीवरचा जुगारही चालू राहिला. हा गायला उभा राहिला की बडे खेळाडू गावात उतरतात, मग त्याची वही कोण उघडतंय? पण १९६७मध्ये अब्जाधीश हॉवर्ड ह्यूजेसनं ‘सँड्स’ विकत घेतलं आणि सप्टेंबरात सिनात्राची उधारी बंद झाली. साहेब खवळले. गोल्फची गाडी काचेवर घातली, असं सांगतात. मग कॉफी शॉपमध्ये कॅसिनोचा मॅनेजर कार्ल कोहेन याच्या अंगावर टेबल उलथवलं. कोहेन आडदांड गडी. त्यानं एकच ठोसा लगावला आणि सिनात्राच्या पुढच्या दातांवरच्या टोप्या निखळल्या. महाशय थेट ‘सीझर्स पॅलेस’ला जाऊन मिळाले. लोक दातांचा किस्सा चवीनं सांगतात. मला त्यातली उधारी मोलाची वाटते. गायकाची किंमत मालकानं तोवर त्या वहीत मांडली होती, आणि नव्या मालकाला ती वही वाचता येत नव्हती.

चिटणीसांची चिठ्ठी आली, ‘पाच मिनिटं’. आणि पत्रिकेतला विषय तर आत्ता सुरू होतोय! भराभर सांगतो.

ह्यूजेसपाठोपाठ कंपन्या आल्या. १९६०च्या दशकाअखेरीस नेवाडानं कायदा बदलून शेअर बाजारातल्या कंपन्यांना कॅसिनोचं दार उघडलं. कंपनीचा हिशेबनीस विचारणारच, नाचगाण्यांचं खातं तोट्यात का? एल्विस प्रेस्ली १९५६मध्ये ‘न्यू फ्रंटियर’ हॉटेलात सपशेल पडला होता, कारण त्याच्यावर जीव टाकणारी पोरं कॅसिनोच्या वयाची नव्हती. १९६९ला तीच पोरं मोठी होऊन आली. ‘इंटरनॅशनल’ हॉटेलचं २,००० खुर्च्यांचं दालन, चार आठवड्यांत ५७ खेळ. तिथं गाण्याच्याही नफ्याची चव लागली.

१९८९मध्ये ‘मिराज’ उघडलं, पाठोपाठ तिथं सिगफ्रीड आणि रॉय या जादूगारांचे वाघ आले. १९९३पासून ‘सर्क दु सोलेल’ ही सर्कस कायमची वस्तीला आली. २००३मध्ये ‘सीझर्स’नं सेलीन डिऑनसाठी चार हजारांवर खुर्च्यांचं थिएटर बांधलं आणि ती जवळपास पाच वर्षं तिथंच गायली. मोठ्या रिसॉर्टांची जुगाराबाहेरची कमाई शतक बदलताना जुगारापेक्षा वर गेली. २०२३च्या ‘स्फिअर’ या गोल इमारतीला सव्वादोन अब्ज डॉलरच्या वर खर्च आला, आणि आत कॅसिनोच नाही.

आणि गोवा? मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर प्रवेशाच्या पैशांतच जेवण आलं, नाच आला, गाणं आलं. वेगसनं १९५५चा जो हिशेब मागं टाकला, तो पणजीच्या धक्क्याला अजून बांधलेला आहे. त्या गायकांना काय मिळतं, यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. पण चिटणीस उभे राहिलेत, आणि हॉलचं भाडं नऊपर्यंतच भरलंय. थांबतो.