जेटमध्ये तार घालू नका!

मंडळी, जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरच्या सगळ्या तक्रारी आज सांगेन, असं पत्रिकेत छापलंय. सांगतो. पण आधी मनात सलतंय ते बोलू द्या. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, पेट्रोल मोजून सोडणारा. त्या जेटमध्ये तार घालणं बंद करा.

लातूर घ्या, नांदेड घ्या, गाडीनं मिस मारली की पहिला हात कार्बोरेटरला. खोला, तार घाला, फुंका, बसवा. एका वाड्यात १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे, तिचा झेनिथ कार्बोरेटर असाच 'साफ' झाला होता. मग काळा धूर, प्लग काजळलेले. ठिणगीतच दोष समजून कॉइल बदलली, पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, टायमिंग फिरवून फिरवून मालक थकले. शेवटी मी जेट काढून भिंगाखाली धरला. भोक गोल राहिलंच नव्हतं, कडेला चरे. पितळच ते, पोलादी तारेपुढं काय टिकणार?

सोलेक्स कार्बोरेटरचं बघा, प्रीमियर पद्मिनी गाडीमुळं इथं बऱ्याच जणांच्या हाताखालून गेलाय. मेन जेटवर १२० म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. ते १.३० झालं तर नुसत्या डोळ्यांना कळायचं नाही, पण क्षेत्रफळ १७ टक्के वाढतं. गुरुजी बसलेत समोर, त्यांनी हिशोब करून बघावा! जेट थिनरमध्ये रात्रभर भिजवा, हवा मारा. तरी अडलं, तर गोदावरीवर गळ टाकणाऱ्याकडून बारीक तंगूस आणा. नायलॉन पितळेला ओरखडत नाही.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

बुचाचा फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा. त्यावर पूर्वी चपड्याचा, म्हणजे लाखेचा, लेप असायचा. आपल्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत असतं, त्यात चपडा विरघळतो. बूच पेट्रोल पितं, फ्लोट बुडतो, कार्बोरेटर ओव्हरफ्लो. पितळी फ्लोट बसवा. तो गरम पाण्यात दाबून धरा, बुडबुडे आले तर भोक आहे. आतलं पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाग देऊ नका. आणि कथील थेंबभरच, फ्लोट जड झाला की पातळी चढते.

थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेचा, शाफ्ट झिजला की बाजूनं हवा ओढतो, मग आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची चाल, कितीही लावा, बसत नाही. शाफ्टच्या टोकाला ऑईलचा थेंब सोडा. इंजिनाची चाल बदलली तर बुश घाला.

जस्ताच्या ओतीव बॉडीत शिशाची भेसळ असेल तर ती वर्षानुवर्षं आतून फुगते, तडकते. तिला वेल्डिंग करू नका, दुसरी शोधा. फ्लँज, म्हणजे कार्बोरेटर इंजिनावर बसतो ती सपाट कड, वाकला असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा. दोन पॅकिंग घालून वेळ मारून नेऊ नका.

आणि मॉडेल एवाल्यांनो, गाडी उभी केली की पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकी वर आहे, पेट्रोल आपोआप उतरतं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी नीडल जराशी झिजलेली असली तरी रात्रभर ठिबकत राहतं, आणि वाड्यात चूल पेटलेली असते.