कचऱ्याला कोण कोणता प्रश्न विचारतं

मित्रहो, चक्रीय अर्थव्यवस्थेवर, म्हणजे माल वापरून फेकण्याऐवजी पुन्हा पुन्हा वापरात फिरवणाऱ्या व्यवस्थेवर, संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं, हे प्रत्येक देशाने आपापल्या अडचणीवरून ठरवलं आहे. जपानचं उदाहरण घ्या. तेल बाहेरून, खनिजं बाहेरून आणि कचरा पुरायला जागा नाही. तिथे 2000 साली कायदा झाला आणि 2003च्या आराखड्यात तीन गोष्टी मोजायचं ठरलं: देशात शिरणाऱ्या मालातून किती उत्पन्न निघतं, किती माल पुन्हा वापरात येतो आणि शेवटी जमिनीत किती गाडला जातो. म्हणून तिथला संशोधक टनांत बोलतो.

चीनचा प्रश्न कारखान्यांचा. तिथला कायदा 1 जानेवारी 2009पासून लागू झाला आणि अभ्यासही औद्योगिक वसाहतींचे, शहरांचे होत राहिले. ग्वांग्शी प्रांतातलं ग्वीगांगचं उदाहरण त्यात पुन्हा पुन्हा येतं. मुळात तो तिथला एक साखर कारखाना. उसाच्या चोथ्याचा कागद, मळीचा अल्कोहोल, अल्कोहोलच्या सांडपाण्याचं खत, आणि ते खत पुन्हा उसाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही बगॅसवर, म्हणजे त्याच चोथ्यावर, वीज होते, मळीपासून इथेनॉल होतं, प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, शेतात जातो. आपण त्याला फार तर 'उपपदार्थ' म्हणतो. त्यांनी त्याचा सिद्धांत केला, आपण केला नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

युरोपात नजर वस्तूवर असते. ती दुरुस्त होईल का, विकण्याऐवजी भाड्याने देता येईल का, कंपनीचं गणित कसं बसेल. नेदरलँड्सने तर 2030पर्यंत नव्या कच्च्या मालाचा वापर निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे.

त्याच नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातून 2017 साली एक अभ्यास आला. या संकल्पनेच्या 114 व्याख्या त्यात तपासल्या होत्या. सामाजिक न्यायाचा उल्लेख त्यांत जेमतेम सापडला. भारतात राहून हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला, कारण आपल्याकडे हे चक्र माणसंच फिरवतात. दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, भंगारवाला, पहाटे पाठीवर पोतं घेऊन निघालेली कचरावेचक बाई.

पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. या बायकांमुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, हे त्यांच्या बाजूने आकड्यांत मांडलं गेलं. माझ्या मते भारतातलं या विषयावरचं अव्वल संशोधन ते हेच, कारण प्रश्न इथला होता. पुढे 2016च्या घनकचरा नियमांत कचरावेचकाची व्याख्या आली. तरीही आमच्या विद्यापीठांतले बरेच प्रबंध युरोपची प्रश्नावली घेऊन इथल्या कंपन्यांच्या व्यवस्थापकांकडे जातात. भंगाराच्या दुकानात जात नाहीत.

तिथे कळण्यासारखं खूप आहे. जगात कच्च्या तेलाचा भाव उतरला की नवं प्लास्टिक स्वस्त होतं. मग जुन्या प्लास्टिकचा भाव पडतो आणि त्या बाईचं पोतं तेवढंच जड असूनही हातात पैसे कमी पडतात. चक्र अडतं ते इथे, या वजनकाट्यापाशी. तुमच्यापैकी कोणी प्रबंधाला विषय शोधत असेल, तर एका भंगाराच्या दुकानात वर्षभर बसा आणि रोजचा भाव लिहून काढा. वही मी देतो.